मुलाखत : मेहरबानी की हक्क?

मंडळी, ‘मुलाखत’ म्हटलं की आपल्याला नोकरीची नाहीतर टीव्हीवरची मुलाखत आठवते. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे त्यांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. पहाटेची एसटी, आधारकार्डाची झेरॉक्स, खिडकीवरची नोंदणी, दोन-तीन तासांची रांग आणि मग जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडे दिसणारा चेहरा. बोलायला मिळतात ती काही मिनिटं. त्यातली बरीचशी “ऐकू येतंय का?” यातच जातात.

मागच्या आठवड्यात मी इथे एवढंच लिहिलं होतं, की कारागृहाबाहेरच्या या रांगेला डोक्यावर पत्रा आणि प्यायला पाणी हवं. त्याखाली बऱ्याच जणांचा एकच सूर होता : “गुन्हेगारांचे लाड कशाला?” एकाने तर लिहिलं, “भेटायला देतात हीच सरकारची मेहरबानी समजा.” त्या रांगेत उभी असलेली माणसं गुन्हेगार नसतात, हे उत्तर मी तेव्हाच दिलं. पण मेहरबानीचा मुद्दा डोक्यात राहिला. कारण ती मेहरबानी नाही, हे ठरायला आपल्याकडे बराच काळ गेला आणि त्या इतिहासात आपल्या मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. तो शाळेत कुणी शिकवत नाही, म्हणून आज जरा लांबण लावतो.

सुरुवात टिळकांपासून. 1908 च्या जुलैमध्ये त्यांना 6 वर्षांची शिक्षा झाली आणि सप्टेंबरात मंडालेला नेलं. ‘गीतारहस्य’ तिथे लिहिलं गेलं हे आपण सगळे सांगतो. पण त्या 6 वर्षांत पुण्याच्या घराचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. पुणे कुठे आणि ब्रह्मदेशातलं मंडाले कुठे! घराशी धागा होता तो पत्रांचा. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना टिळकांनी तिथून लिहिलेली पत्रं वाचून बघा. घरचा कारभार, ताईमहाराज प्रकरणाचा खटला, कुठली पुस्तकं पाठवायची, असा सगळा संसार त्या पत्रांतून चाललेला दिसतो. सरकारी डोळ्याखालून जाणार हे माहीत असलेली ती पत्रं. जून 1912 मध्ये सत्यभामाबाई पुण्यात गेल्या. नवऱ्याला नेल्यानंतर चार वर्षं त्या घरात त्याची वाट बघत होत्या, आणि भेट शेवटपर्यंत झाली नाही. टिळकांना बातमी कळली ती तारेने. ते सुटले 1914 च्या जूनमध्ये, पण ‘गीतारहस्या’च्या वह्या त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. सरकारने त्या तपासायला ठेवून घेतल्या होत्या, त्या नंतर मिळाल्या. या वह्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

तेव्हा कायदा काय होता? 1894 चा कारागृह अधिनियम. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं आपले सगळे तुरुंग याच कायद्यावर चालले. त्याचं 40 वं कलम मुलाखतीचं. त्यात दिवाणी कैदी आणि कच्चे कैदी यांना भेटण्याची सोय करावी असं लिहिलंय. कच्च्या कैद्याला त्याच्या वकिलाशी तिसरं माणूस हजर नसताना बोलता यावं, हेही लिहिलंय. पक्क्या कैद्याबद्दल मात्र हे कलम गप्प आहे. त्याची भेट पुढच्या नियमांवर, म्हणजे व्यवहारात तुरुंगाच्या मर्जीवर सोडलेली. 41 वं कलम भेटायला येणाऱ्याचं नाव-पत्ता विचारण्याचं आणि झडतीचं. 42 वं कलम चोरून चिठ्ठीचपाटी पोचवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे बाहेरच्या माणसाकडे कायदा बघतो तो संशयानेच. खिडकीवरच्या आवाजात तो संशय आजही ऐकू येतो, हे तिथे उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

अंदमानचं चित्र तर आणखी वाईट. (सावरकरांच्या राजकारणावर खाली भांडू नका, तो विषय आजचा नाही.) 1911 साली विनायकराव सेल्युलर जेलमध्ये पोचले. थोरले भाऊ बाबाराव तिथे आधीच होते. पत्र वर्षाला एक. त्या एका पत्रात सगळ्या घरादाराची चौकशी कोंबायची. धाकटे भाऊ नारायणराव आणि पत्नी माई यांना भेटीला जाता आलं ते 1919 मध्ये, 8 वर्षांनी. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी त्या भेटीत नव्हत्या, त्या आधीच वारल्या होत्या. नवऱ्याला पकडून नेल्यानंतर त्यांना तो पुन्हा दिसला नाही. सत्यभामाबाई आणि येसूवहिनी, दोघींवर कसलाही खटला नव्हता.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये 1942 नंतर गांधीजी होते, तेव्हा सरकारने अट घातली होती की पत्रं लिहायची ती नातेवाइकांनाच, आणि घरगुती विषयावरच. गांधीजींनी मग त्या अटीवर पत्रं लिहायलाच नकार दिला. आपला माणूस कोण हे तुरुंग ठरवणार का, असा तो प्रश्न होता. आश्रमात बरोबर राहिलेली माणसं नातेवाईक ठरत नव्हती. आजही मुलाखतीच्या अर्जावर ‘नाते’ असा रकाना असतो.

आता स्वतंत्र भारत. आणि इथे येतात ते प्रभाकर संझगिरी. कम्युनिस्ट कार्यकर्ते. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना स्थानबद्ध केलं आणि आर्थर रोडला ठेवलं. चीन युद्धाच्या वेळची आणीबाणी तेव्हाही उठलेली नव्हती. या गृहस्थाने आत बसून अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. राजकारणाचा एक शब्द नाही. हस्तलिखित बायकोकडे पाठवतो, ती छापून आणेल, एवढीच त्यांची विनंती. सरकारने नाही म्हटलं.

सरकारचा युक्तिवाद नीट वाचण्यासारखा आहे, कारण माझ्या पोस्टखाली जे लिहिलं गेलं ते जवळजवळ तेच आहे. सरकार म्हणालं : माणूस स्थानबद्ध झाला की त्याचं स्वातंत्र्य संपलं. त्यानंतर नियमांत लिहून दिलेल्या सवलती तेवढ्या त्याच्या. पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत कुठे लिहिलेली नाही, म्हणून ती नाही.

संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 6 सप्टेंबर 1965 ला निकाल लागला तो पुन्हा संझगिरींच्या बाजूने. न्यायालयाने युक्तिवाद उलटा केला. स्थानबद्धतेचे नियम हे सवलतींची यादी नाहीत, ते बंधनं सांगणारे नियम आहेत. जे बंधन नियमांत नाही, ते तुरुंगाला आपल्या मनाने घालता येणार नाही. टिळकांच्या वह्या अडवल्या त्याला तेव्हा 50 वर्षं झाली होती. ते सरकार परकं होतं. हे आपलं, आणि तरी एका विज्ञानाच्या पुस्तकासाठी दिल्लीपर्यंत लढावं लागलं. पण आतलं माणूस सगळे हक्क दाराशी ठेवून आत जात नाही, हे त्या हस्तलिखितामुळे कागदावर आलं.

अर्थात कागदावर आलेलं पुसताही येतं. दहाच वर्षांनी, 26 जून 1975 ला, राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना बंगळूरमध्ये अटक झाली. वाजपेयी आणि अडवाणीही त्याच वेळी तिथेच पकडले गेले. पुढे प्रमिलाताई दंडवते यांनाही पकडलं आणि येरवड्याला ठेवलं. नवरा बंगळूरच्या तुरुंगात, बायको पुण्याच्या. अशा जोडप्याने मुलाखतीला कोणी कुणाकडे जायचं? राहिली ती पत्रं. दोघांनी एकमेकांना सुमारे 200 पत्रं लिहिली. पुस्तकं, संगीत, मुलाची काळजी, एकमेकांची आठवण. सेन्सॉरची कात्री असल्यामुळे राजकारण सरळ लिहायची सोय नव्हती, तरी दोन समाजवादी माणसं इतक्या पत्रांत राजकारण पूर्ण गाळतील हे मला पटत नाही. ओळींच्या मधे ते असणारच. मधुअण्णा म्हटलं की आपल्याला कोकण रेल्वे आठवते. मला आधी ही पत्रं आठवतात.

या काळात संझगिरींची वाटही बंद झाली. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आणीबाणी चालू असेपर्यंत स्थानबद्धाला आपल्या सुटकेसाठी उच्च न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. जिथे अटकेबद्दलच विचारता येत नाही, तिथे भेटीबद्दल कोण विचारणार?

आणीबाणी उठल्यावर या विषयाला जी कलाटणी मिळाली ती दिल्लीच्या तिहारमधून. फ्रान्सिस कोराली मुलिन नावाची ब्रिटिश बाई तस्करीविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध होती. तिची लहान मुलगी, वय वर्षं 5. भेट महिन्यातून एकदा. वकिलाशी बोलायचं तर कस्टमचा अधिकारी शेजारी. 13 जानेवारी 1981 च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलं की घटनेच्या 21 व्या कलमातला जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू असणं नव्हे. घरच्या माणसांना, मित्रांना भेटणं हा त्याचाच भाग आहे. कच्च्या कैद्याला आठवड्यातून दोन भेटी आणि खटला न चालवता डांबलेल्याला महिन्यातून एक, हा भेद न्यायालयाने मोडीत काढला. वकिलाच्या भेटीवर अधिकाऱ्याने नजर ठेवावी, पण बोलणं ऐकू येईल इतकं जवळ उभं राहू नये, हेही ठरलं. बाई परदेशी, आरोप तस्करीचा. अशांचे ‘लाड’ नाकारले असते तर तुमच्या-माझ्या घरच्या माणसालाही हा हक्क मिळाला नसता.

“माझ्या घरचं कोण जाणार आहे आत?” असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर माणसं होती. त्यातली जवळपास 76 टक्के कच्चे कैदी. म्हणजे दर चारातल्या तिघांचा गुन्हा कोर्टात सिद्ध झालेला नव्हता.

2020 च्या मार्चमध्ये करोना आला आणि मुलाखती बंद पडल्या. त्यातून फोन आणि व्हिडीओ कॉल आले, ते चांगलंच झालं. नंदुरबारच्या माणसाला मुंबईला खेटे घालावे लागत नसतील तर उत्तमच. पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, नोंदणीचा ओटीपी दुसऱ्याच्या मोबाईलवर येतो, त्यांचं काय? मी अधूनमधून लोकांचे अर्ज भरून द्यायला गेटजवळ बसतो. परवा एक मावशी आल्या होत्या, मुलाला भेटायला. आधारवर नाव माहेरचं, आतल्या कागदावर आईचं नाव सासरचं. खिडकीवरून परत पाठवलं. रोजंदारी बुडवून आल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. पिशवीतला बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “हा आता घरी कशाला नेऊ?” त्यांच्याकडे मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, रेशनकार्डही आहे. पुढच्या वेळी दोन्ही घेऊन येणार आहेत.

ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. भेटीची नोंदणी ‘ई-मुलाकात’ या सरकारी संकेतस्थळावर होते, प्रत्यक्ष भेटीचीही आणि व्हिडीओचीही. नावात फरक असेल तर नातं दाखवणारा दुसरा कागद बरोबर ठेवा. कोठडीतल्या कुणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी आपल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. आणि पत्र लिहा. साधं, पोस्टाचं. ते उघडून वाचलं जाईल हे धरून चाला, तरी लिहा. फॉर्म जमत नसेल तर मला मेसेज टाका. शनिवारी सकाळी मी असतो.