एमिल माल आणि अर्थाची हद्द

मध्ययुगीन कलेचे फ्रेंच इतिहासकार एमिल माल (१८६२–१९५४) यांचं नाव निघालं की एक शेरा हमखास येतो: त्यांनी कॅथीड्रलचं पुस्तक करून टाकलं. धर्मगुरूंनी मजकूर सांगायचा, शिल्पकाराने तो दगडात उतरवायचा, आणि माल यांनी पानाफुलांतही धर्मार्थ वाचायचा, असा हा पूर्वपक्ष.

तो अगदीच निराधार नाही. तेराव्या शतकातल्या फ्रान्सच्या धार्मिक कलेवरच्या त्यांच्या १८९८च्या प्रबंधाचा आराखडाच मुळी त्याच शतकातल्या बोव्हेच्या व्हिन्सेंटच्या ज्ञानकोशावरून घेतला आहे: निसर्ग, विद्या, नीती आणि इतिहास असे चार आरसे. त्यातला नीतीचा आरसा तर व्हिन्सेंटचा नव्हेच, मागाहून जोडलेला. इथे माल सापडतात.

पण आराखडा म्हणजे प्रबंध नव्हे. त्याच ग्रंथात खांबांवरच्या पानवेलींपाशी आल्यावर माल स्पष्ट सांगतात की इथे गूढ शोधू नका. शिल्पकाराला ती पानं आवडली, म्हणून त्याने ती कोरली. चित्रविचित्र प्राण्यांसाठी तर ते थेट संत बर्नार्डला साक्षीला बोलावतात. मठांच्या ओवऱ्यांत हे राक्षस कशासाठी, असं बर्नार्डने बाराव्या शतकात चिडून विचारलं होतं. रूपकं उलगडण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यालाच जिथे अर्थ लागला नाही, तिथे तो आपण का घुसडायचा? असा युक्तिवाद करणाऱ्याला अर्थाचा हावरा म्हणणं म्हणजे त्याचं पुस्तक अर्ध्यावर मिटणं.

पॅरिसच्या नोत्र दामवरचे २८ राजे घ्या. ते फ्रान्सचे राजे समजून क्रांतिकारकांनी १७९३मध्ये त्यांची मुंडकी उडवली. ते यहूदाचे राजे, मरियेचे पूर्वज, असं माल यांनी प्रतिपादलं. ग्रंथाधार त्यांना हवा होता तो असल्या समजुतींना लगाम घालायला.

आणि शिल्पकार फक्त मजकुराचा हुकूम पाळतो असं त्यांना वाटत असतं, तर १९२२च्या बाराव्या शतकावरच्या ग्रंथात त्यांनी म्वासाकच्या चर्चच्या द्वारशिल्पाचं मूळ बेआतुसच्या बायबल-भाष्याच्या सचित्र हस्तलिखितांत कशाला शोधलं असतं? तिथे चित्रातून शिल्प जन्मतं. हे मत पुढे वादात सापडलं, ते निराळं.

माल यांना झोडपायचंच तर १९१७च्या पुस्तकावरून झोडपावं. महायुद्धाच्या संतापात जर्मन मध्ययुगीन कलेला उसनवार ठरवताना, जी हद्द त्यांनी इतरांना घालून दिली होती ती ते स्वतःच ओलांडून गेले.