सिकलसेल : विळा आणि दाह

रोगाला नांव पडलें कीं त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीहि त्या नांवाबरोबर ठरून जाते. सिकलसेल हा आजार याचें ठळक उदाहरण होय. 'सिकल' म्हणजे विळा. या एका शब्दानें वैद्यांचें लक्ष तांबड्या पेशीच्या आकारावर असें खिळवून ठेवलें कीं, त्याच रक्तांत पेटलेल्या दाहाकडे वळावयास त्यांना सत्तर वर्षें लागलीं.

१९०४ सालच्या डिसेंबरांत शिकागो येथील एका रुग्णालयांत वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. तो वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचा. दंतवैद्यक शिकण्यासाठीं आलेला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरानें त्याचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों वाटोळ्या पेशींत विळ्यासारख्या वांकड्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनीं ही हकीकत १९१० सालीं प्रसिद्ध केली. तींत आणखी एक नोंद होती : रुग्णाच्या पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या होत्या. विळ्याचें सर्वांस नवल वाटलें. दुसरी नोंद कागदावरच राहिली. नोएल स्वदेशीं परतून दंतवैद्य झाला आणि १९१६ सालीं न्यूमोनियानें वारला.

पुढील अर्धशतकांत विळ्याचें कोडें उलगडत गेलें. प्राणवायु कमी झाला कीं पेशी वांकडी होते, हें १९२७ सालीं हान व गिलेस्पी यांनीं दाखविलें. दोष हिमोग्लोबिन या तांबड्या द्रव्यांत आहे, हें १९४९ सालीं लिनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें. त्या द्रव्याच्या सांखळींतील एकच दुवा बदललेला असतो, हें व्हर्नन इंग्रम यांनीं १९५६-५७ सालीं शोधून काढलें. मग उपपत्ति सरळ वाटूं लागली : मोरींत काड्या अडकून पाणी तुंबावें, तशा वांकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, अवयवांस रक्त मिळत नाहीं आणि हाडांत असह्य कळा येतात.

हें खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. प्राणवायु सोडल्यावर पेशी वांकडी होण्यास कांहीं अवधि लागतो. आणि बहुतेक पेशी तेवढ्यांत अरुंद वाहिनी ओलांडून गेलेल्या असतात. अर्थात्, त्यांना वाटेंत कोणीतरी थोपवून धरीत असलें पाहिजे.

हा धागा १९८० सालीं हातीं आला. रुग्णांच्या तांबड्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, आणि हा चिकटपणा जितका अधिक तितका रोग उग्र, असें रॉबर्ट हेबेल यांच्या मंडळीस आढळलें. ज्यांच्या रक्तांत पांढऱ्या पेशी अधिक त्यांना अकालमृत्यूचें भय अधिक, असें १९९४ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत दिसून आलें. २००२ सालीं पॉल फ्रेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जिवंत उंदरांच्या सूक्ष्म शिरा न्याहाळल्या. तेव्हां प्रथम पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात व जाणाऱ्या तांबड्या पेशी त्यांना अडकतात, हें प्रत्यक्ष दिसलें.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीररूपी गांवाचे जागले. जंतु शिरले कीं रासायनिक निरोपांनीं हाकाटी करावयाची आणि वेशीवर गोळा व्हावयाचें, हें त्यांचें काम. येथें मात्र चोर नसतांनाहि हाकाटी होते. तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगावयाच्या, त्या या रोगांत १० ते २० दिवसांत फुटतात. त्यांतून हीम हें लोहयुक्त द्रव्य रक्तांत उतरतें. जंतूंची चाहूल घेणारी यंत्रणा त्यानेंच जागी होते, असें २०१४ सालीं उंदरांवरील प्रयोगांत आढळलें. अस्तर चिकट होतें, पेशी अडकतात, फुटतात, आणि आणखी हीम बाहेर पडतें.

उपचारांनींहि याची साक्ष दिली. १९९५ सालीं २९९ प्रौढ रुग्णांवर हायड्रॉक्सियुरिया या औषधाची परीक्षा झाली. कळांच्या वार्षिक वेळांचें मध्यमान ४.५ वरून २.५ वर आलें. हें औषध गर्भावस्थेंतील निरोगी हिमोग्लोबिन वाढवितें, तसेंच पांढऱ्या पेशीहि कमी करतें. पेशींचें चिकटणेंच रोखणारें क्रिझानलिझुमॅब हें औषध २०१७ सालीं फार आशादायक ठरलें; परंतु पुढील मोठ्या परीक्षेंत तें टिकलें नाहीं आणि २०२३ सालीं युरोपनें त्याची परवानगी काढून घेतली. दाहाच्या वाटा अनेक आहेत. एक दार लावून सर्व घर बंद होत नाहीं.

भारतांत हा दोष १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत आढळला, आणि १९५८ सालीं नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील नोंद प्रसिद्ध केली. विदर्भांत व नंदुरबारकडे ज्या घरांत हा आजार आहे, त्यांना या इतिहासाचा उपयोग दुहेरी आहे. पहिला असा कीं, जंतुबाधेनें ही हाकाटी वाढते, आणि या मुलांची प्लीहा लवकर निकामी होत असल्यानें साधा तापहि जिवावर बेततो. लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यानें घातक जंतुबाधा शेंकडा ८४ नें घटली, असें १९८६ सालच्या परीक्षेंत ठरलें. म्हणून ताप आला कीं त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

दुसरा असा कीं, कळ मोजणारी खात्रीची रक्तपरीक्षा आजहि नाहीं. वांकड्या पेशी कळांच्या दिवशीं एरव्हींहून अधिक दिसतीलच असें नाहीं. आणि त्यामुळें तळमळणाऱ्या रुग्णावर ढोंगाचा आरोप वारंवार आला. सूक्ष्मदर्शकांत विळा दिसो वा न दिसो, आंत दाह असूं शकतो. रुग्ण दुखतें म्हणतो, तेव्हां त्याचा शब्द खरा मानून उपचारास लागावें, हेंच या शंभर वर्षांच्या शोधाचें सार होय.