बंदिशीची इस्लाह : हौशी रचनाकार आणि परस्पर-परीक्षणाचा प्रश्न

दिल्लीच्या साहित्येतिहासात ‘इस्लाह’ या शब्दाला निश्चित स्थान आहे. शागिर्दाने गझल लिहून उस्तादाकडे पाठवावी, उस्तादाने एखादा शब्द खोडून दुसरा सुचवावा आणि जमल्यास त्याचे कारणही नोंदवावे, असा हा व्यवहार. मिर्झा गालिब यांच्या ‘ऊद-ए-हिंदी’ (१८६८) व ‘उर्दू-ए-मुअल्ला’ (१८६९) या पत्रसंग्रहांतून तो जवळून पाहता येतो. याच शहरात, गालिबच्या सुमारे शंभर वर्षे आधी, मुहम्मदशहाच्या दरबारात नियामत खाँ यांनी ‘सदारंग’ या नावाने ख्यालाच्या बंदिशी रचल्या. गझलेच्या मक्त्यात कवीचा तखल्लुस यावा तशी बंदिशीच्या अंतऱ्यात रचनाकाराची मुद्रा येते. साम्य मात्र येथेच थांबते. गझलेला इस्लाह होती, रागाला तालीम होती. बंदिशीच्या शब्दांना यांपैकी काहीच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील काही सुशिक्षित हौशी मंडळींनी स्वतः बंदिशी रचण्यास व त्या परीक्षणासाठी पुढे ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा ही उणीव भरून निघाली काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

‘हौशी’ हा शब्द येथे कमीपणाचा नाही. गाण्यावर ज्याचे पोट अवलंबून नाही तो हौशी, एवढाच त्याचा अर्थ. १८७० मध्ये कैखुशरू काबराजी यांच्या पुढाकाराने मुंबईत गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. पुण्याचा गायन समाज १८७४ चा. दिवसा कचेरी किंवा व्यापार सांभाळणारे सभासद येथे गाणे शिकण्यास येत आणि व्यावसायिक गायक त्यांना शिकवीत. घराण्यात शिष्याने उस्तादाला प्रश्न विचारणे हे औद्धत्य ठरे. येथे शिकणारा वर्गणीदार होता, आणि वर्गणीदाराला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. या एका व्यावहारिक फरकाचे परिणाम फार दूरवर गेले.

वाळकेश्वरात जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) १८८४ मध्ये, विद्यार्थिदशेतच, मंडळीचे सभासद झाले. १८८७ मध्ये ते वकील झाले. उलटतपासणीची सवय त्यांनी संगीतात आणली, असे नेहमी म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण साहित्याच्या अभ्यासकाला त्यांचे दुसरे एक अंग अधिक मोलाचे वाटावे. ते स्वतः रचनाकार होते. ‘चतुर’ आणि ‘हररंग’ या मुद्रा त्यांच्या आहेत. ‘हररंग’मधील ‘रंग’ हा उघडच सदारंग-अदारंगांच्या कुळातला. वाळकेश्वरच्या वकिलाने दिल्लीच्या दरबाराशी स्वतःहून जोडलेले हे नाते आहे.

१९०४ च्या दक्षिणयात्रेत त्यांची एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षित यांच्याशी भेट झाली. दीक्षितांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा ग्रंथ त्याच वर्षीचा, आणि वेंकटमखीच्या नावावर असलेली लक्षणगीते त्यात आहेत. हिंदुस्थानी संगीतात लक्षणगीत मोठ्या संख्येने रचण्याची प्रेरणा भातखंडे यांना या परंपरेच्या परिचयातून मिळाली असावी, असे माझे अनुमान आहे. लक्षणगीत म्हणजे ज्या रागात गायचे त्याच रागाचे वर्णन करणारे गीत : थाट कोणता, वादी-संवादी कोणते, वर्ज्य स्वर कोणते, गायनसमय कोणता. अशा गीतांना रसिक रुक्ष म्हणतात. त्यांच्या रसहानीचा मुद्दा मला मान्य आहे. पण एक गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे. बंदिशीच्या सर्व प्रकारांत लक्षणगीत हा बहुधा एकच प्रकार असा आहे की ज्याचे शब्द खोटे ठरू शकतात. भूपालीच्या लक्षणगीताने मध्यम-निषाद वर्ज्य असल्याचे सांगावे आणि चालीने निषादाला स्पर्श करावा, तर दोष ऐकणाऱ्याच्या तत्काळ ध्यानी येतो. विधान आणि त्याचा पुरावा एकाच वेळी सादर होतात. म्हणजे रचनाकाराने आपली रचना परीक्षणासाठी मुद्दाम उघडी ठेवलेली असते.

या उघडेपणाला मुखवट्याची जोड आहे, हेही नोंदवले पाहिजे. १९१० चा संस्कृत ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ चतुरपंडितांच्या नावे निघाला. त्याच वर्षी आरंभ झालेली मराठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ विष्णुशर्मा यांच्या नावे. गुरुशिष्यसंवादाच्या रूपातील हा मराठी ग्रंथ चतुरपंडितांचे मत एखाद्या परक्या आधारासारखे उद्धृत करतो. आत्मप्रौढीचा आरोप सोपा आहे. मला मात्र यात बरोबरीच्या परीक्षकाची उणीव दिसते : असा परीक्षक भोवती नाही म्हणून लेखकाने तो स्वतःतूनच निर्माण केला.

खऱ्या परीक्षकांची गाठ परिषदांत पडली. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथील श्रुतिविषयक वादात एका बाजूस सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स होते; दुसऱ्या बाजूस भातखंडे. तिघेही पेशाने गायक नव्हेत. क्लेमेंट्स यांची श्रुतिपेटी गायकांच्या गळ्याशी ताडून पाहिली गेली आणि ती मान्य झाली नाही. हौशी माणसांच्या भांडणात निवाडा उस्तादांच्या गळ्याने दिला. परिषदेचे खरे नावीन्य या रचनेत आहे. दुसरी परिषद १९१८ मध्ये दिल्लीत झाली. हिंदूराव हे आडनावासारखे वाटणारे स्थलनाम या शहरात शिल्लक आहे ते बायजाबाई शिंदे यांच्या भावामुळे. रिजवरचा वाडा हे त्या मराठी आगमनाचे चिन्ह. १९१८ मध्ये आलेल्या मराठी माणसाने दिल्लीत वाडा घेतला नाही. तो आला स्वरलिपीच्या वह्या घेऊन, आणि तेही सदारंगांच्याच गावी.

या परिषदांपुढील विषय पाहिले की आपला प्रश्न टोकदार होतो. रागांची रूपे, श्रुती, स्वरलिपी, शिक्षणसंस्था : सर्व विषय स्वरपक्षाचे. तुलनेसाठी न्यूरेंबर्गच्या माइस्टरझिंगर मंडळींकडे पाहावे. हान्स झाक्स (१४९४–१५७६) हा त्यांतील सर्वांत ख्यातनाम गायक-कवी पेशाने चांभार होता, इतरही कारागीरच. नवे गीत सादर होई तेव्हा पडद्याआड बसलेले ‘मेर्कर’ दोष टिपत. एक बायबलशी अर्थ ताडून पाही, दुसरा छंद, तिसरा यमक आणि चौथा चाल. वाग्नरच्या १८६८ मधील संगीतिकेने या पद्धतीचे हसे केले, ते काही अंशी रास्तही होते. पण चौघांपैकी तिघे शब्दांचे राखणदार होते. आपल्या परिषदांत जणू चौथाच तेवढा बसला होता.

याचे कारण भाषेत आहे, असे मला वाटते. मराठी हौशी रचनाकाराने बंदिश लिहिली ती ब्रजभाषेत, म्हणजे जी त्याच्या घरात बोलली जात नव्हती आणि जिच्या काव्यशास्त्राचे शिक्षण त्याला मिळाले नव्हते अशा भाषेत. सास-ननद, पिया, बैरन हे भावविश्व त्याला चिजांबरोबर वारशाने मिळाले. शब्द चुकला तर सांगणार कोण? सोबतीही मराठीच. उलट मराठी रंगभूमीवर ‘सौभद्र’पासून (१८८२) नाट्यपदांच्या चाली बऱ्याच वेळा इतरत्र रूढ असलेल्या चिजांवरून घेतल्या गेल्या, पण शब्द मराठी असल्याने प्रेक्षक आणि वृत्तपत्रे त्यांवर भरपूर बोलली. उसन्या चालीवरचे आपले शब्द परीक्षिले गेले. आपल्या चालीवरचे उसने शब्द तसेच राहिले.

भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ‘सुजान’ मुद्रेने विपुल रचना केली. त्यांचे शिष्य कृ. गुं. गिंडे यांची मुद्रा ‘सुजनसुत’. मुद्रेत आता वंशावळ आली. आग्रा घराण्यातही विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’, तर त्यांचे शिष्य जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ होते. पण त्या मुद्रांमध्ये शिष्याने गुरूचे नाव पुढे चालवलेले नाही. ‘सुजनसुत’मध्ये शिष्यत्वाची कबुली आहे, आणि ज्याने स्वतःला सुत म्हटले त्याने पित्याच्या शब्दांची चिकित्सा करणे सोपे नसते. वर्गणीदाराच्या प्रश्नाने सुरू झालेली परंपरा दोन पिढ्यांत पुन्हा घराण्याच्या शिस्तीकडे झुकली, याची खूण मला या एका मुद्रेत दिसते.

स्वरलिपीनेही येथे आपला भार टाकला. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांनी चिजा घराण्यांच्या कुलुपातून बाहेर काढल्या, हे ऋण मोठेच. पण स्वरलिपीत शब्द मात्रांप्रमाणे तुटतो. एकेक अक्षर स्वराखाली बसते, मध्ये अवग्रह येतात, शब्दांच्या सीमा पुसट होतात. वाचणाऱ्याला चाल अचूक मिळते. कवितेची ओळ मात्र त्याला अक्षरे गोळा करून पुन्हा जुळवावी लागते, आणि ती जुळवताना कोठे शब्द तोडावा याविषयी दोन जाणकारांचे एकमत होईलच असे नाही.