देवाचे वचन लेखी का झाले?

आपल्या वाडवडिलांना कोकणात कित्येक शतके तोरा पाहावयास मिळाली नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. नौगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि बरोबरचे सर्व काही समुद्रात गेले, असे घराघरांतून सांगत आले आहेत. पुढे ही माणसे गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. नव्याचा सण व दरफाळणीचा सण पाळले जात. सुंता असो, लग्न असो, नवस असो की मयत असो, तोंडी एकच प्रार्थना असे, ती म्हणजे शमा. हातात ग्रंथ नव्हता, पण ओठांवर देवाचे नाव होते.

अशा या आपल्या समाजाची एकोणिसाव्या शतकात एका निराळ्याच लोकांशी गाठ पडली. देवाचे वचन नुसते तोंडी राहिले तर ते टिकत नाही, ते लेखीच असले पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. हे लोक म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे ख्रिस्ती मिशनरी. त्यांची ही श्रद्धा नेमकी काय होती आणि तिचा आपल्यावर काय परिणाम झाला, हे आज पाहू या.

स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ साली एक मतपत्र स्वीकारले. ते लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे भरलेल्या धर्मसभेने तयार केले होते. त्याच्या पहिल्याच प्रकरणात या प्रश्नाचे उत्तर आहे. त्याचा सारांश असा : सृष्टीकडे पाहून देव आहे एवढे मनुष्याला कळते, पण त्याची इच्छा काय हे कळत नाही. म्हणून देवाने वेळोवेळी निरनिराळ्या प्रकारे आपली इच्छा प्रकट केली. परंतु माणसाचे मन चंचल आहे, जग फसवे आहे आणि सैतान टपलेला आहे. यास्तव ते सत्य नीट जतन व्हावे, दूरवर पोहोचावे आणि श्रद्धावंतांना भक्कम आधार मिळावा, यासाठी देवाने ते सारे लिहून ठेवविले.

या मताला ते जे आधार देत, त्यांतले पुष्कळसे आपल्याच तनाखमधले आहेत. मोशे रब्बेनूने नियमशास्त्र लिहून कोहनीमांच्या स्वाधीन केले. यिर्मयाची गुंडाळी यहोयाकीम राजाने शेगडीत जाळली, तेव्हा बारूखाने ती पुन्हा लिहून काढली. योशिया राजाच्या वेळी मंदिराची दुरुस्ती चालली असता विसरलेला ग्रंथ सापडला आणि सारे राष्ट्र ताळ्यावर आले. राजे बदलतात, माणसे विसरतात, पण लिहिलेले पुन्हा सापडते, असा त्यांचा मुद्दा होता. तो खोटा आहे असे आम्हांसही म्हणता येणार नाही.

रोमन कॅथलिक पंथाचे मत थोडे निराळे होते. १५४६ साली ट्रेंटच्या धर्मसभेने लेखी शास्त्राबरोबर परंपरेलाही मान दिला. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठीत 'क्रिस्तपुराण' छापविले, ते बायबलचे भाषांतर नव्हे, ओवीबद्ध पुराण आहे. प्रॉटेस्टंटांचा आग्रह मात्र मूळ शब्दावर होता. वेस्टमिन्स्टरच्या मतपत्रात पुढे असेही आहे की जुन्या कराराचे हिब्रू मूळ हेच अखेरचे प्रमाण. पण सामान्य माणसाला हिब्रू येत नाही, म्हणून शास्त्राचे भाषांतर प्रत्येक राष्ट्राच्या बोलीत व्हावयास हवे.

ही दोन वाक्ये आपल्या इतिहासात फार महत्त्वाची ठरली. श्रीरामपूरच्या कॅरे साहेबांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले. १८१३ साली गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनने मराठी शाळा घातल्या, छापखाना काढला आणि १८२६ साली नवा करार मराठीत छापून पुरा केला. त्या शाळांतून आपल्या समाजातील मुले शिकली, कित्येक जण मास्तरही झाले. १८२९ साली स्कॉटलंडचे डॉक्टर जॉन विल्सन मुंबईस आले. त्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. आपल्या मुलांच्या हाती मूळ भाषेची किल्ली अशी त्यांच्या मायबोलीतून आली.

मिशनऱ्यांचा हेतू काय होता, हे लपविण्याचे कारण नाही. तनाख वाचून बेने इस्राएल नव्या कराराकडे वळतील, अशी त्यांची आशा होती. पण वळले ते फार थोडे. असे का झाले?

आमच्या मते याचे उत्तर त्यांच्याच सिद्धान्तात आहे. ज्याच्या हाती मूळ ग्रंथ आहे आणि ज्याला तो वाचता येतो, तो स्वतः वाचतो व स्वतः ठरवितो. आपल्या पूर्वजांनी ग्रंथ उघडला, तो त्यांना त्यात आपलेच घर दिसले. शनिवारी बंद राहणारा घाणा त्यात होता, आठव्या दिवसाची सुंता होती, खाण्यापिण्याचे निर्बंध होते. आजी जे कारण न सांगता पाळीत होती, त्याची कारणे तेथे लिहिलेली होती. ग्रंथाने त्यांना दुसरीकडे नेले नाही. ज्या जागी ते होते तेथेच त्यांचे पाय अधिक घट्ट रोवले.

मग आपल्या लोकांनी आपले ग्रंथ आपणच छापावयास घेतले. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा निघाला. १८७४ साली पुण्यास दुसरा निघाला. त्याच्या चित्रांतल्या मात्सा करणाऱ्या बायका आपल्याकडच्याच पेहरावात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. १८८० च्या सुमारास आपल्यात कीर्तनेही सुरू झाली. छापील शास्त्रातली कथा पुन्हा टाळ-पेटीच्या साथीने कानांवर पडू लागली.

यातही एक अर्थ आहे. आपल्या धर्मात तोरा दोन प्रकारची मानतात, एक लेखी आणि एक तोंडी. तोंडी तोरा लिहू नये असाच दंडक होता. पण मंदिर गेले, लोक पांगले, गुरू-शिष्यांची साखळी तुटण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा सन २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी मिश्ना संकलित केली, आणि पुढे तीही लेखी झाली. विसर पडण्याच्या भीतीने लेखणी उचलली गेली. वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेतील मंडळींना वाटणारी भीती हीच होती. फरक एवढाच की आपल्यात लिहिल्यानंतरही गुरूच्या तोंडून ऐकणे थांबले नाही.

लेखी पुराव्याची किंमत आपण या देशात येऊनही अनुभवली. आपल्या यहुदीपणाविषयी व विवाहांविषयी येथे शंका घेतल्या गेल्या, तेव्हा वंशावळीचे दाखले मागितले गेले. शतकानुशतके तोंडी जपलेल्या समाजाजवळ ते कोठून असणार? १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदीच असल्याचे जाहीर केले, पण त्या वर्षांचा सल कित्येकांच्या मनात राहिला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आपला इतिहास छापून निघण्यास १९३७ साल उजाडले, हेही येथे आठवते.

आज आपली नातवंडे हिब्रू अस्खलित वाचतात. विल्सन साहेबांचे व्याकरण त्यांना लागत नाही. पण आजोबांचा मराठी हगादा त्यांना वाचता येत नाही, आणि आजीचे मलिद्याचे गाणे कोणी लिहून घेतलेले नाही. म्हणजे आता उलटे झाले आहे. शास्त्र लेखी आहे, सुरक्षित आहे. विसरले जात आहे ते आपले तोंडी धन.

अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला एक गीत लिहून घ्यावयास सांगतो, आणि त्याच दमात ते इस्राएलच्या मुलांच्या मुखी घालावयासही सांगतो. लिहिणे आणि मुखी घालणे, ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत आहेत. आपल्या पूर्वजांनी दुसरे काम ग्रंथाशिवाय निभावले. पहिले काम आपल्याकडे राहिले आहे. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी या सणाला त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे, गाणी, नवस, सणांच्या चाली उतरवून घ्याव्यात, आणि मग त्या मुलांना म्हणावयास शिकवाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.