पायपेटी ते कॉम्प्युटर : नार्व्याच्या आरतीतला सूर

मंडळी, नार्वे म्हटलं की आपल्याला आधी सप्तकोटेश्वर आठवतो. कदंबांचं हे कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात ते पाडलं गेलं आणि देव नदी ओलांडून नार्व्याला आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. पण याच देवळासमोर, आपल्या घराघरात चवथीला जी आरती होते, तिच्यातल्या सुराचाही एक इतिहास आहे. त्यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे चार शब्द.

घुमट, समेळ आणि कासाळें ही आपली जुनी वाद्यं. पेटी मात्र बाहेरून आली. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची पेटी. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी बनवली. संगीत नाटकांबरोबर पायपेटी आणि ऑर्गन गावोगाव पोचले. आपल्या गोव्यात जत्रेतल्या नाटकाला पेटीवाला नसेल तर पडदा उघडणंच कठीण! बोरीचे पं. तुळशीदास बोरकर याच मातीतले. पी. मधुकर यांच्याकडे शिकून त्यांनी पेटीला एकल वादनाचा मान मिळवून दिला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण याच पेटीवर १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली होती. तक्रार अशी, की पेटीचे सूर ठरलेले, दोन सुरांमधली मींड तिच्यातून निघत नाही. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. ही तक्रार लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

१९८३ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरने जोडून दाखवले गेले. एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजे. हीच 'मिडी' पद्धत. डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे मुख्य जनक. गंमत अशी, की त्या वायरीतून आवाज जातच नाही. जातो तो फक्त निरोप : कुठली कळ, किती जोरात दाबली, कधी सोडली. कळांना ० ते १२७ असे आकडे, मधला सा म्हणजे पांढरी एक धरली तर ६०. आवाज काढायचं काम पलीकडच्या यंत्राचं.

आता आपल्या घरातली पोरं चवथीच्या आरतीला लॅपटॉप लावतात. एका प्रोग्रॅममधून पेटीचा आवाज येतो, दुसऱ्यात रेकॉर्डिंग होतं. दोन्ही एकाच कॉम्प्युटरमध्ये, मग वायर लावणार कुठे? म्हणून सॉफ्टवेअरचीच वायर करतात, तिला व्हर्च्युअल पोर्ट म्हणतात. आमच्याकडे एका चवथीला हे पोर्टच गप्प झालं. सगळे ताटकळले, घुमटवाला घुमट मांडीवर घेऊन बसलेला, आणि भाचा घामाघूम. शेवटी जुनी पेटी काढून आरती झाली. दुसऱ्या दिवशी त्याने जे शोधलं, ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

निरोप कुठे अडला, ते एकेक टप्प्याने बघायचं. कीबोर्ड कॉम्प्युटरला दिसतोय का? ॲपलच्या मशीनवर 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडून 'आयएसी ड्रायव्हर' चालू असल्याची खूण आहे का? विंडोजवर 'लूपमिडी'सारखं साधन वापरत असाल, तर पोर्ट आधी तयार करा, मग गाण्याचा प्रोग्रॅम उघडा. पाठवणारा आणि घेणारा, दोघांतही तेच पोर्ट आणि तोच चॅनेल (१ ते १६ पैकी) निवडलाय का? विंडोजवर एका प्रोग्रॅमने कीबोर्ड धरून ठेवला तर पुष्कळदा तो दुसऱ्याला मिळत नाही. नको असलेले प्रोग्रॅम बंद करा. एकच सूर दोनदा वाजत असेल, तर निरोप दोन वाटांनी पोचतोय. एक वाट बंद करा. कळ दाबल्यावर सूर उशिरा येत असेल, तर 'बफर' कमी करा. ४४,१०० च्या रेटला १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे जेमतेम ३. तेवढा फरक घुमटवाल्याच्या हाताला लगेच कळतो.

हे सगळं जुळलं तरी एक गोष्ट राहते, पट्टी. सॉफ्टवेअर मुळातच ४४० ला लावलेलं असतं. जुन्या पेट्या नेमक्या तिथे असतातच असं नाही. आजी काळी चारमध्ये गाते आणि आरती पांढरी पाचात लावली, तर ती दुसऱ्या कडव्याला गप्प बसते. यंत्राची पट्टी फिरवायला दोन क्लिक लागतात, आजीचा गळा फिरवता येत नाही.

आणि आता ती जुनी तक्रार. पुष्कळ घरांत म्हणतात, "आमच्या आरत्या कॉम्प्युटरमध्ये सेव्ह आहेत." बघायला गेलं तर ती असते मिडी फाईल. तिच्यात कळांचे आकडे आहेत, पण आजोबांचा आवाज नाही. त्यांनी घेतलेली मींड नाही, घुमटाचा ठेका नाही, मधे घेतलेला श्वास नाही. निरोप साठवला, माणूस राहून गेला.

म्हणून सांगणं एवढंच. येत्या चवथीला पेटी कुठलीही लावा, कळांची असो की कॉम्प्युटरची. पण एक साधा मायक्रोफोन मधे ठेवा आणि आवाजाची फाईल करा. शेजारी वहीत लिहा : कोण गातंय, कुठली पट्टी, कुठल्या साली. ज्यांना सगळी कडवी पाठ आहेत ती माणसं आता फार थोडी उरली आहेत. सेटिंग पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल, त्यांचं गाणं मात्र याच वर्षी घेऊन ठेवा.