सेवेतील खंड

बजबज हे गाव इतिहासाच्या वाचकास बहुधा एकाच घटनेमुळे ठाऊक असते. व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने ताटकळत ठेवून कॅनडाने परत लावलेली 'कोमागाटा मारू' २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथेच हुगळीच्या काठाला लागली आणि उतरलेल्या प्रवाशांवर इंग्रज सरकारने गोळ्या झाडल्या. दारी आलेल्याला नियमावर बोट ठेवून माघारी धाडण्याचा तो प्रकार होता. पुढे सुमारे पाव शतकाने त्याच कॅनडात तिथल्याच एका मुलीला असेच एक दार बंद झाले. दोन्ही प्रसंग एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. पहिल्यात माणसे मेली. परंतु दुसऱ्या प्रसंगातील मुलीचे पुढे काय झाले, हे बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी वाचावे असे मला वाटते.

इव्हॉन ब्रिल ह्यांचा जन्म ३० डिसेंबर १९२४ रोजी विनिपेगजवळ, बेल्जियमहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात झाला. मॅनिटोबा विद्यापीठात अभियांत्रिकी शिकण्याची त्यांची इच्छा होती. त्या अभ्यासक्रमात उघड्यावरचा एक शिबिरवास सक्तीचा असे आणि तिथे स्त्रियांची सोय नाही, ह्या कारणाने त्यांना प्रवेश मिळाला नाही. तंबू कमी पडला म्हणून विद्या नाकारली, असाच ह्याचा अर्थ. ही सबब आपल्यालाही नवी नव्हे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, ह्यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञानसंस्थेने केवळ स्त्री म्हणून नाकारले होते. त्या रामन ह्यांच्यापुढे अडून बसल्या, तेव्हा कुठे अटींवर प्रवेश मिळाला. इकडे बजबजच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या तीरावर असलेल्या शिबपूरच्या कॉलेजातून इला मजुमदार १९५१ मध्ये यंत्र-अभियंत्या होऊन बाहेर पडल्या. ब्रिल मात्र अडून बसल्या नाहीत. त्यांनी रसायन व गणित घेऊन १९४५ मध्ये पदवी मिळवली आणि कॅलिफोर्नियात डग्लस विमान कंपनीत नोकरी धरली. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी घेतलीच नाही. दिवसा काम आणि रात्री वर्ग असे करून १९५१ मध्ये रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी मात्र संपादन केली.

इथून पुढची हकीगत सरकारी क्वार्टर्समधील अनेक भगिनींना ओळखीची वाटेल. यजमान विल्यम ब्रिल हेही रसायनशास्त्रज्ञ. त्यांना पूर्व किनाऱ्यावर काम मिळाले आणि रॉकेट-उद्योग ऐन बहरात असलेला पश्चिम किनारा सोडून बाई कनेक्टिकटला गेल्या, पुढे प्रिन्स्टनला. तीन मुले झाली. सुमारे आठ वर्षे त्यांनी पूर्ण वेळ नोकरी केली नाही. आपल्या सेवापुस्तिकेत ह्याची नोंद 'सेवेत खंड' अशी झाली असती आणि कुणा कारकुनाने त्याखाली लाल रेघ ओढली असती. वस्तुतः त्या काळातही त्या एका रासायनिक कंपनीला अर्धवेळ सल्ला देत होत्या. १९६६ मध्ये आर. सी. ए. कंपनीच्या उपग्रह-विभागात त्या रुजू झाल्या, तेव्हा वय एकेचाळीस होते. ज्या कामाने नाव झाले ते सर्व ह्यानंतरचे.

ते काम नीट समजून घेण्यासारखे आहे. बजबजला नदीकाठी तेलाच्या टाक्या आहेत; त्यांतले केरोसीन कितीही ज्वालाग्राही असले तरी हवेवाचून पेटत नाही. अवकाशात हवा नाही. म्हणून उपग्रहाच्या छोट्या इंजिनांत हायड्रॅझिन नावाचे द्रव्य वापरतात. ते जळत नाही; इरिडियम ह्या धातूच्या सान्निध्यात आपोआप फुटते आणि तप्त वायू होऊन बाहेर पडताना यानाला रेटा देते. हा उत्प्रेरक शेल कंपनीने तयार केला होता, आणि ह्याच घराण्यातल्या बर्मा-शेलच्या टाक्या एके काळी बजबजला होत्या!

आता पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर स्थिर भासणारा दळणवळण-उपग्रह खरोखर स्थिर नसतो. सूर्य-चंद्राच्या ओढीने त्याची कक्षा कलत जाते आणि ती सरळ ठेवण्यास दरसाल सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल पुरवावा लागतो. इंधन सरले की यंत्रे धडधाकट असूनही उपग्रह निकामी. आपला इन्सॅट-१ए सात वर्षांच्या अपेक्षेने एप्रिल १९८२ मध्ये सोडला गेला आणि नियंत्रणाचे इंधन संपल्याने त्याच सप्टेंबरात सोडून द्यावा लागला. ब्रिल ह्यांची युक्ती अशी: हायड्रॅझिन फुटून निघालेले वायू विजेने आणखी तापवायचे. तेवढ्याच इंधनातून सुमारे तीस टक्के अधिक काम मिळते. आणि मोठ्या रेट्याची व बारीक रेट्याची अशी दोन्ही इंजिने एकाच टाकीवर चालतात, वेगळे द्रव्य न्यावे लागत नाही. बदलीचे सामान बांधताना वजनाची चिंता केलेल्यास ह्यातले मर्म चटकन कळेल. वाचलेल्या वजनात अधिक उपकरणे न्यावीत किंवा उपग्रहाचे आयुष्य वाढवावे. पेटंट १९७४ मध्ये मिळाले. त्यानंतर प्रत्यक्ष उपग्रहावर हे इंजिन जाण्यास १९८३ उजाडले. कचेऱ्यांत फाइल नऊ वर्षे पडून राहते तेव्हा आपण हसतो. इथे मात्र तो विलंब सावधगिरीचा होता, कारण तेवढ्या उंचीवर दुरुस्तीस कोणी जात नाही.

मधल्या काळात त्यांनी नासामध्ये स्पेस शटलच्या घन-इंधन रॉकेटांचे काम पाहिले. १९८६ नंतर लंडनला सागरी उपग्रह संघटनेत होत्या. मानसन्मान यथावकाश आले. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

२७ मार्च २०१३ रोजी त्या वारल्या. न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युलेखाचा आरंभ त्यांच्या हातच्या एका मांसाच्या पदार्थाच्या वाखाणणीने झाला. यजमानांमागून त्या गावोगाव गेल्या, मुलांसाठी आठ वर्षे घरी राहिल्या, हे आधी आले आणि रॉकेट मागून. त्यावर काहूर उठले आणि पत्राने ते पहिले वाक्य बदलले. टीका रास्तच होती. परंतु टीकाकारांपैकी ज्यांना त्या आठ वर्षांचा उल्लेखच नको होता, त्यांच्याशी मी सहमत नाही. बदल्या आणि खंड हे त्या चरित्राचे खरेखुरे भाग आहेत. ते गाळले तर एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा रुजू होणे म्हणजे काय, हेही गळते. लेखकाची चूक क्रमात होती. पुरुष शास्त्रज्ञाचा मृत्युलेख कोणी त्याच्या हातच्या कालवणापासून सुरू करीत नाही.

ब्रिल स्वतः उत्तरायुष्याची बरीच वर्षे एका लेखनकामात गुंतलेल्या होत्या. निरनिराळ्या पुरस्कारांसाठी आणि सन्मानांसाठी त्या इतर स्त्री-अभियंत्यांची नावे सुचवीत, आणि त्यासाठी प्रत्येकीने काय काम केले आहे ते पत्रांतून लिहून पाठवीत.