हरित इमारत मानांकनातील सायकल स्टँड

हरित इमारत मानांकनातील सायकल स्टँड : इमारतीला पर्यावरणस्नेही दर्जा देताना तिथे सायकलींसाठी राखलेली जागा तपासणारा निकष. सायकलने येणाऱ्यांची सोय झाली की वाहनांचा धूर आणि पार्किंगखाली जाणारी जमीन कमी होते, असा त्यामागचा विचार आहे. भारतात अमेरिकेची ‘लीड’, ‘आयजीबीसी’ या संस्थेची (स्थापना २००१) पद्धत आणि टेरी संस्थेने घडवलेली, २००७ मध्ये राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकारली गेलेली ‘गृह’ या पद्धती प्रचलित आहेत.

लीडच्या चौथ्या आवृत्तीतील (२०१३) निकष बराच तपशीलवार आहे. कार्यालये व संस्थांच्या इमारतींत गर्दीच्या वेळच्या अभ्यागतांपैकी २.५ टक्के आणि नियमित वापरणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांच्या सायकलींना जागा हवी. दोन्हींत किमान चार. पहिल्या १०० माणसांमागे एक आणि पुढच्या प्रत्येक १५० मागे आणखी एक शॉवर व कपडे बदलण्याची सोय लागते. निवासी इमारतीत हे प्रमाण रहिवाशांच्या ३० टक्के, पण दर घरामागे किमान एक सायकल असे आहे. मात्र ११० गुणांपैकी यासाठी गुण एकच आणि तोही ऐच्छिक. सायकल स्टँड न बांधताही इमारत ‘प्लॅटिनम’ या सर्वोच्च दर्जाची ठरू शकते.

महाराष्ट्राच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार (२०२०) मानांकित इमारतीला दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळते. ही नियमावली नगर परिषदांनाही लागू असल्याने बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली येथील बांधकामांना या सवलतीचा मार्ग खुला आहे.

जिल्ह्यात सायकल चालवण्याचे सुख घाटाखाली आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला सपाट मुलूख. बुलढाणा शहर मात्र घाटावर, मोताळ्याकडून येताना राजूर घाटाची चढण. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत लीडचा ५ टक्क्यांचा हिशेब तोकडा पडण्याचीच शक्यता अधिक.

लीड दिवसभराच्या स्टँडला छप्पर मागते ते पाऊस आणि बर्फापासून बचावासाठी. विदर्भातल्या या जिल्ह्यात छप्पर आधी उन्हासाठी हवे, कारण मे महिन्यात उघड्यावरची सीट हात लावू देत नाही आणि टायर-ट्यूब लवकर खराब होतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये घट्ट बसतो. म्हणून फाटकापासून स्टँडपर्यंत पक्की वाट लागते. प्रत्येक सायकलीला सुमारे २ मीटर लांब व ६० सेंटीमीटर रुंद जागा धरावी. पुढचे चाक अडकवायच्या खाचेत धक्का बसला की रिम वाकते. त्यापेक्षा फ्रेमला कुलूप लावता येईल असा जमिनीत रोवलेला लोखंडी पाइप बरा.

ऐच्छिक गुणावर हा प्रश्न सोडू नये. नकाशा मंजूर करतानाच नगर परिषदांनी सावलीतला सायकल स्टँड मागावा, आणि तो इमारतीमागे नको, प्रवेशद्वाराजवळ हवा.